दरजांतलं सिमेंट

रविवार, रात्र

त्या जुन्या दगडी शाळेच्या आत आज अखेर जायला मिळालं. एकच लांबट दालन. खिडक्या इतक्या उंचावर, की बाकावरच्या पोराला फक्त आभाळ दिसावं. उजेड यावा, लक्ष मात्र बाहेर जाऊ नये. बांधणाऱ्यांचा पोरांवर भरवसा दिसत नाही!

सगळ्या इयत्ता एकाच छपराखाली आणि मास्तर एक. मग थोरल्यांनी धाकट्यांना शिकवायचं. अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने हीच रीत मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत चालवली आणि १७९७ साली लंडनला तिचा वृत्तांत छापला. कागदावर छानच वाटते. पण मी सहज टाळी वाजवली, तर आवाज कितीतरी वेळ घुमत राहिला. चाळीसेक पोरं एकदम पाढे म्हणत असतील तेव्हा मास्तरांच्या डोक्याचं काय होत असेल?

जीव अडकला तो मात्र बाहेरच्या भिंतीत. मूळ बांधकाम चुन्यातलं. नंतर कुणीतरी चांगल्या हेतूने दरजांमध्ये, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत, सिमेंट भरलंय. लांबून भिंत ठाकठीक दिसते. जवळ गेलं की सिमेंटची रेघ जशीच्या तशी आणि शेजारचा दगड आत खचलेला. बोट फिरवलं तर भुगा हाताला लागला, खाली लोणा, ओलीबरोबर बाहेर आलेले पांढरे क्षार.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश कडक होतो, तरी मऊ आणि सच्छिद्रच राहतो. भिंतीत शिरलेली ओल त्याच्यातून बाहेर पडते. झीज व्हायची ती चुन्याची होते, आणि चुना पुन्हा भरता येतो. सिमेंटने ती वाट बंद केली, की ओल दगडातून निघते, तिच्यातले क्षार पृष्ठभागाशी साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. दगड काही पुन्हा भरता येत नाही. मऊ दगडाला तर हे फारच बाधतं.

वर दाराशी 'ऐतिहासिक वारसा' अशी पाटी. असो.

मागची भिंतही आता अशीच 'पक्की' करायची आहे म्हणे. उद्या पत्र लिहिते. बसलेलं सिमेंट यंत्राने कापू नका, दगडाच्या कडा जातील; सुटलेलं तेवढंच छिन्नीने काढा. मागे एका कोपऱ्यात चुना भरून एक पावसाळा जाऊ द्या, मग पुढचं ठरवा.