समितीच्या अधिकारांचे कलम

आज दिवसभर समुदाय सल्लागार समितीच्या नियमावलीचा मसुदा तयार करत होते. संस्थेच्या समताविषयक कामाची दिशा ठरवताना, हे काम ज्यांच्यासाठी चालते त्या लोकांना सोबत घ्यायचे, असा ठराव विश्वस्त मंडळाने केला आहे आणि तो प्रत्यक्षात कसा आणायचा हे मांडण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. सदस्यसंख्या, कार्यकाळ, दोन बैठकांमधील अंतर ही कलमे सकाळीच लिहून झाली. अधिकारांचे कलम मात्र अजून पुरे झालेले नाही.

आधीच्या मसुद्यात समिती संस्थेला वेळोवेळी सूचना करील व मार्गदर्शन करील, एवढेच वाक्य होते. सूचना आल्यावर संस्थेने काय करायचे, ती अमान्य केली तर कारण कोणी आणि किती दिवसांत द्यायचे, याबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. अमेरिकेतील अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तिच्या तळाच्या दोन पायऱ्यांना त्यांनी सहभाग मानलेच नाही. माहिती देणे, सल्ला घेणे आणि लोकांना शांत ठेवण्यापुरते स्थान देणे या मधल्या तीन पायऱ्या त्यांनी नाममात्र ठरवल्या, आणि भागीदारीपासून पुढच्या तीन पायऱ्यांवरच सत्तेची खरी वाटणी होते असे म्हटले. त्या मोजमापाने आमचे वाक्य मधल्या नाममात्र पायऱ्यांवरच थांबते. लोकांनी वेळ काढून यायचे, आपल्या आयुष्यातले अवघड अनुभव अनोळखी माणसांसमोर उघड करायचे आणि निर्णय मात्र पूर्वीच्याच खोलीत व्हायचा, ही व्यवस्था मला मान्य नाही.

याविषयीची मागणी नवी नाही आणि ती संस्थांनी शोधून काढलेलीही नाही. १९८३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे एड्सग्रस्त लोकांनी एकत्र येऊन आपली तत्त्वे जाहीर केली, तेव्हा निर्णयाच्या प्रत्येक पातळीवर आणि विशेषतः सेवा देणाऱ्या संस्थांच्या संचालक मंडळांवर आपण असले पाहिजे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. त्या काळी या आजारावर परिणामकारक औषधही नव्हते, तरीही त्यांनी केवळ उपचार मागितले नाहीत, निर्णयातील जागाही मागितली. अपंग व्यक्तींच्या चळवळीनेही हाच आग्रह धरला आणि अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातील चौथ्या कलमाने, त्यांच्याशी संबंधित निर्णयांत त्यांच्या प्रातिनिधिक संघटनांशी विचारविनिमय करणे व त्यांना सक्रियपणे सामील करून घेणे करार स्वीकारणाऱ्या सरकारांवर बंधनकारक केले. सरकारे ज्या गोष्टीने बांधली गेली आहेत, ती स्वतःहून स्वीकारायला आमच्यासारख्या स्वयंसेवी संस्थेला अडचण असू नये.

अधिकार म्हणजे नेमके काय, याचा विचार करताना मी पुन्हा पुन्हा पैशाकडे येते. ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे शहराने १९८९ मध्ये सहभागी अर्थसंकल्पाची पद्धत सुरू केली. तिथे विभागवार सभांमध्ये लोक प्राधान्यक्रम ठरवत, प्रतिनिधी निवडत आणि सोयींची कमतरता जिथे अधिक, त्या भागाला निधीवाटपात अधिक भार मिळेल असे निकष लावले जात. मला यातला सगळ्यात मोलाचा भाग निकषांचा वाटतो, कारण केवळ सभा भरवली असती तर ज्यांचा आवाज मोठा त्यांच्याकडेच पैसा गेला असता. म्हणून आमच्या कार्यक्रम निधीचा एक निश्चित हिस्सा समितीच्या निर्णयाने खर्च व्हावा आणि त्याच्या वाटपाचे निकषही समितीनेच आधी ठरवून जाहीर करावेत, असे मी लिहिले आहे.

दुपारी एका सहकाऱ्याने विचारले की कायद्याने जबाबदार विश्वस्त आहेत, मग समितीचा निर्णय त्यांच्यावर बंधनकारक कसा राहील? प्रश्न रास्त आहे. हिशेब आणि कायदेशीर उत्तरदायित्व विश्वस्तांकडेच राहणार, पण कोणते विषय ते समितीकडे सोपवतात हे त्यांनी ठरावाने आधीच निश्चित करावे, आणि उरलेल्या विषयांत समितीची शिफारस नाकारायची असेल तर ठरावीक मुदतीत लेखी कारण द्यावे, हा मार्ग उपलब्ध आहे. नाकारण्याची किंमत कारण लिहून मोजावी लागली की शिफारस लक्षपूर्वक वाचली जाते, असे मला वाटते.

समुदाय म्हणजे एकमुखी माणसांचा समूह नव्हे, ही गोष्ट मला याहून अधिक अस्वस्थ करते. संस्थेशी आधीपासून ओळख असलेले, सभेत सहज बोलणारे, ज्यांना वेळ काढणे परवडते असे लोक पहिल्या निमंत्रणाला येतात, आणि त्यांनाच आपण सर्वांचे प्रतिनिधी समजू लागतो. समुदायाच्या आतही कोणाला तरी मागे ठेवले जाते. कधी स्त्रियांना, कधी तरुणांना, कधी नव्याने येऊन राहिलेल्यांना. समितीतील बहुमताने अशाच एखाद्या गटाला वगळले तर संस्थेने काय करायचे? समितीचा मान राखायचा म्हणून गप्प बसणे मला पटत नाही, आणि आपण अधिक न्यायी आहोत असे समजून निर्णय फिरवणेही पटत नाही. काही जागा अशा गटांसाठी राखून ठेवाव्यात, ज्या गटावर निर्णयाचा थेट परिणाम होतो त्याच्या प्रतिनिधींना तो निर्णय रोखून पुनर्विचार मागता यावा, अशी तरतूद सध्या एक पर्याय म्हणून घातली आहे. ती पुरेशी आहे याची मला खात्री नाही.

मानधन, प्रवासखर्च, मुलांना सांभाळण्याची सोय, दुभाषी, सांकेतिक भाषा जाणणारी व्यक्ती आणि कागदपत्रे बैठकीच्या पुरेशी आधी सोप्या भाषेत मिळणे, यांना मी मदतीच्या सदरात न ठेवता खर्चाच्या मूळ अंदाजपत्रकात घेतले आहे. सल्लागार संस्थेला शुल्क देताना आपण विचार करत नाही. मग जगण्यातून आलेल्या ज्ञानाला मोबदला देताना हात आखडता घेण्याचे कारण नाही.

माहितीच्या मालकीचे कलम अजून अपुरे आहे. कॅनडातील फर्स्ट नेशन्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मूळनिवासी समुदायांनी १९९८ मध्ये आपल्याविषयीच्या माहितीची मालकी, नियंत्रण, उपलब्धता आणि ताबा आपल्याकडे असावा अशी तत्त्वे मांडली. आमच्या सर्वेक्षणांचे निष्कर्ष आधी देणगीदारांकडे जातात आणि ज्यांनी उत्तरे दिली त्यांच्याकडे क्वचितच परत येतात. हा क्रम उलटा केला पाहिजे.

विश्वस्तांपुढे मसुदा ठेवण्याआधी तो वस्तीतील गटांपुढे ठेवण्याची परवानगी मी आज अध्यक्षांकडे मागितली आणि ती मिळाली. अधिकारांचे कलम मी मुद्दाम दोन पर्यायांसह अर्धे ठेवले आहे. निधीचा हिस्सा किती असावा आणि निर्णय रोखण्याचा हक्क कोणाला असावा, या दोन्ही जागा कोऱ्या आहेत. पहिल्या बैठकीत संस्थेच्या कामाची माहिती सांगणारे सादरीकरण होणार नाही. थेट या दोन जागांवरच चर्चा सुरू होईल आणि इतिवृत्त लिहिण्याचे काम गटातीलच कोणीतरी करील.