मांगरावरचा अँटेना: कोएक्स काढला, फायबर ओढली

झालं एकदाचं. गुहागरला आमचं घर खाली माडांच्या गर्दीत, अँटेना 110 मीटरवर समुद्राकडच्या मांगराच्या (बागेतल्या शेडच्या) कौलांवर, जहाजांचे एआयएस सिग्नल (जहाज आपलं नाव, जागा, वेग रेडिओवर सांगतं ते) धरायचे तर तो तिथेच हवा. दोन वर्षं आरजी-6 वर, म्हणजे डिश टीव्हीला असते तसल्या कोएक्स केबलवर, ढकलली. एआयएसच्या 162 मेगाहर्ट्झला एवढ्या लांबीत साधारण 9 डीबी (डेसिबल, सिग्नल किती घटला त्याचं माप) जातात, म्हणजे घरात येईपर्यंत आठातला एकच हिस्सा उरतो. म्हणून अँटेनापाशी अॅम्प्लिफायर बसवला, कोएक्सचं हेच तर सुख, त्याच केबलमधून वर पॉवरपण देता येते. मग मे महिन्यात वळवाची वीज जवळपास कुठेतरी पडली आणि अॅम्प्लिफायर, डोंगल (पीसीला लावायचा यूएसबी रिसीव्हर) दोन्ही एका फटक्यात खलास.

काढताना केबलच्या टोकाचा एफ कनेक्टर उघडला तर आतली अॅल्युमिनियमची जाळी पांढरी भुकटी होऊन बोटांना लागली, मधल्या तारेवरचं तांबं उडून आतलं लोखंड गंजलेलं. खारा वारा, दुसरं काय!

आता रिसीव्हर आणि रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) मांगरातच, कोएक्स फक्त 3 मीटर, तिथून मीडिया कन्व्हर्टर (नेटवर्कचा सिग्नल प्रकाशात बदलणारा डबा) लावून सिंगल मोड फायबर, म्हणजे प्रकाश नेणारा काचेचा बारीक धागा, घरापर्यंत. 1310 नॅनोमीटरच्या प्रकाशाला किलोमीटरमागे 0.35 डीबीच्या आसपास जातात, माझ्या 110 मीटरपेक्षा एक कनेक्टर जास्त खातो. केबल मुद्दाम स्टीलची तार नसलेली, एफआरपीवाली (आत काचतंतूच्या प्लॅस्टिकची काडी असलेली) घेतली, नाहीतर विजेला परत तीच वाट.

स्प्लाइस (फायबरची टोकं वितळवून केलेले जोड) गावातल्या केबलवाल्या पोराने मारून दिले, मशीनवर 0.02 डीबी, मजुरीवर दोन शहाळी. तरी लिंक धरेना, सारखी जाते येते. लाल लेसरचं पेन लावून बघितलं तर खिडकीच्या कोपऱ्यात पिवळी पॅचकॉर्ड (फायबरची छोटी जोडकेबल) मी काटकोनात दाबलेली, तिथून लाल उजेड नुसता पाझरत होता. जरा सैल गोलाई दिली, लिंक लागली ती लागलीच.

कटकट एकच, फायबरमधून पॉवर जात नाही, त्यामुळे रास्पबेरी पाय पंपाच्या लाइनवर, पंप सुरू झाला की तो रीबूट होतो. छोटा यूपीएस घ्यायचाय. लाइनमधून झटका आलाच तर मांगरातला पाय जाईल, घरातला पीसी तरी वाचेल.

आधी जयगडाबाहेर नांगरलेली जहाजंच दिसायची, आता पार लांबून जाणारी पण येतायत. काका मात्र केबलकडे बघून म्हणाले, "अरे, एवढ्याशा दोऱ्याला वांदर लोंबकळला म्हणजे?"

अजून लोंबकळलेला नाही.