लिफ्टच्या जाळीतली भूमिती

दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारतींमध्ये अजून कुठे कुठे जाळीच्या सरकत्या दरवाजाची लिफ्ट टिकून आहे. ‘कृपया दोन्ही दरवाजे नीट बंद करावेत’ अशी पाटी, आणि त्या पाटीकडे कुणीही लक्ष न दिल्यामुळे तिसऱ्या मजल्यावरून येणारी ‘लिफ्ट सोडाऽ’ ही आरोळी. आयांच्या दृष्टीने ही जाळी म्हणजे बोटं चेमटण्याची जागा. सातवीतल्या मुलांना परस्पर विरुद्ध कोन, म्हणजे दोन रेषा छेदल्यावर समोरासमोर येणारे कोन, शिकवायचे असतील, तर मला याहून चांगलं साधन अजून सापडलेलं नाही.

जाळीतली कुठलीही एक फुली धरा आणि दरवाजा हळूहळू उघडा. वरचा कोन मिटायला लागतो. त्याच वेळी, तेवढाच, खालचाही मिटतो. डावा-उजवा मात्र रुंदावत जातात, तेही एकमेकांच्या बरोबरीने. दरवाजा कुठेही थांबवा, वरचा आणि खालचा सारखेच. मुलांना हे सांगावं लागत नाही. दोनदा उघडझाप झाली की तीच म्हणतात, ‘काकू, हा केला की तो आपोआप होतोय.’ विषयाचा गाभा एवढाच आहे. चार कोनांपैकी मोकळा असतो एकच. तो ठरला की उरलेल्या तिघांना आपलं मत राहत नाही.

शाळेत याची सुरुवात बहुधा कंपासपेटीतून होते, आणि तिथेच घोळ होतो. कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी, एक डावीकडून, एक उजवीकडून. पन्नासचा कोन बिनदिक्कत एकशेतीस वाचला जातो. शिवाय रेघ लांब काढली की कोन मोठा झाला, असं मुलांना मनापासून वाटतं. (मोठ्यांनाही वाटतं, ते बोलत नाहीत एवढंच.) मागे आमच्या मजल्यावरच्या सईने छेदणाऱ्या दोन रेषा काढून चारही कोन मोजले. विरुद्ध कोन आले ४८ आणि ५१, आणि चौघांची बेरीज ३६१. तिने शांतपणे ५१ खोडून ४८ केलं, कारण पुस्तकात ‘समान’ लिहिलं होतं.

मला तिची चलाखी आवडली, पण ते ‘समान’ मोजून आलेलंच नाही. एका सरळ रेषेवर शेजारी-शेजारी बसलेल्या दोन कोनांची बेरीज १८० अंश. वरच्या कोनाला उजव्याची जोड दिली की १८०, खालच्याला त्याच उजव्याची जोड दिली तरी १८०. मग वरचा आणि खालचा वेगळे असतील कसे? कोनमापक पेटीतच राहू दे. ग्रीक गणितज्ञ युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या भूमितीच्या ग्रंथातल्या पहिल्या पुस्तकातलं पंधरावं विधान हेच आहे, आणि त्याच्याही आधी, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात, थेलीसने ते ओळखलं होतं असं जुने ग्रीक सांगतात. सईला ग्रीकांशी देणंघेणं नव्हतं. ‘म्हणजे एकच मोजायचा आणि बाकीचे वजाबाकीने?’ एवढंच तिने विचारलं. तीन मोजमापं वाचल्याचा आनंद लपत नव्हता.

त्यानंतर रस्ते आले. नकाशावर दादरचा टिळक पूल पाहिला तर पश्चिम आणि मध्य रेल्वेचे रूळ शेजारी-शेजारी, आणि त्यांना आडवा कापत जाणारा पूल. आयती छेदिका! रूळ अगदी समांतर आहेत असं मानलं, तर संगत कोन (दोन्ही छेदांवर एकाच जागी बसलेले), व्युत्क्रम कोन (छेदिकेच्या विरुद्ध बाजूंना बसलेले), सगळे तिथे मिळतात. यावर सईच्या धाकट्या भावाने हरकत घेतली, की पूल तर वरून जातो, रुळांना लागत कुठे? हरकत रास्त होती. कागदावर छेदतात, प्रत्यक्षात एकमेकांना भेटतही नाहीत. दादरला पुलाखालून रोज जाणाऱ्या लाखो लोकांच्या दृष्टीने ते बरंच आहे.

मला उत्तर शोधायला लावलं ते मुलुंडच्या पाच रस्त्याने. सईची आत्या तिथे राहते. एका रविवारी आत्याकडून परतल्यावर तिने चौकाचं चित्र काढून आणलं, मध्ये ठिपका आणि पाच फाटे. चार कोनांच्या जोड्या लावल्या तर पाचवा एकटा उरतो, त्याचं काय करायचं? मी तिला रेघा ठिपक्याच्या पलीकडे वाढवायला सांगितल्या. वाढवता वाढवता पाचाचे दहा कोन झाले आणि समोरासमोरच्या पाच जोड्या चोख जुळल्या. ती बराच वेळ त्या चित्राकडे बघत बसली. मग वाढवलेल्या रेघा खोडरबराने पुसून टाकत म्हणाली, ‘पण काकू, इथे तर दुकानं आहेत. रस्ता चौकातच संपतो. म्हणजे मुलुंडमध्ये रेषा नाहीत, किरण आहेत.’