डी७०००चा 'खटॅक'

"ताई, अजून तोच कॅमेरा?" हा प्रश्न मला नाटकाच्या ग्रुपमधली पोरं दर वर्षी विचारायची. विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा माझ्या दोन पगारांएवढा फोन असायचा. मी हो म्हणायची आणि बॅग उघडायची.

तोच म्हणजे निकॉन डी७०००. हे मॉडेल २०१०च्या सप्टेंबरात जाहीर झालं. सोळा मेगापिक्सेल, दोन कार्डांची सोय, हातात घेतल्यावर वजन जाणवणारी बॉडी. शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं, असं कंपनी सांगते. माझं शटर सव्वा लाखाच्या पुढे गेलंय. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच हा आकडा लिहिलेला असतो, एक्झिफटूल नावाच्या फुकट प्रोग्रॅमने तो दिसतो. दीड लाखाला बॉम्ब फुटत नाही. काही शटर त्याच्या दुप्पट चालतात, काही आधीच मान टाकतात. म्हणजे कॅमेरा बदलायला वय आणि आकडा ही दोन्ही कारणं बाद. पहिल्या दिवशी जसे फोटो यायचे तसेच आजही येतात. मग बदलायचा कशासाठी, हे ठरवायलाच मला बराच काळ लागला.

मी दिवसा सहकारी बँकेत असते आणि संध्याकाळी प्रायोगिक नाटकांचे फोटो काढते. पुण्यातला सुदर्शन रंगमंच, ज्योत्स्ना भोळे सभागृह, कधीतरी भरत नाट्य मंदिर. पावसाळ्यात कॉलेजांच्या एकांकिकांच्या तालमी सुरू झाल्या की तिथेही. पैसे मिळतात का? चहा मिळतो. ब्रोशरवर नाव येतं, तेही बहुतेक वेळा चुकीच्या वेलांटीसह. त्यामुळे कॅमेऱ्यावर जाणारा प्रत्येक रुपया पगारातून जातो आणि घरात त्याची चर्चा होते. ही चर्चा चांगली असते असं माझं मत आहे. "याने नक्की काय होणार?" असं नवऱ्याने विचारल्यावर उत्तर देता आलं नाही, तर खरेदी पुढे ढकलायची.

सुरुवातीची माझी तक्रार फोटोतल्या दाण्यांबद्दल होती. प्रायोगिक नाटकात अंधार हे एक पात्रच असतं. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० केला की सावलीच्या भागात रांगोळी सांडल्यासारखं दिसायचं आणि ६४००ला तर विचारू नका. तेव्हा सगळे म्हणाले, फुल फ्रेम घे, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा. गणित मांडलं. फुल फ्रेमच्या सेन्सरचं क्षेत्रफळ माझ्या सेन्सरच्या साधारण सव्वादोन पट. फायदा आहेच. पण मी तेव्हा वापरत होते ती कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स, झूम केल्यावर एफ ५.६वर अडकणारी (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं). तिच्या जागी ८५ मिलिमीटरची एफ १.८ लावली तर सेन्सरवर जवळजवळ दहापट प्रकाश पडतो. दहापट कुठे आणि सव्वादोन पट कुठे! शिवाय ती लेन्स बॉडीपेक्षा कितीतरी स्वस्त. लेन्स घेतली. जिथे शटर स्पीड १/२५ सेकंद मिळायचा आणि नटाचे हात धुरासारखे यायचे, तिथे १/२५० मिळायला लागला. पूर्ण रंगमंच एका चौकटीत येत नाही, पण तेवढ्यासाठी ५०ची एफ १.८ बॅगेत होतीच.

उरलेले दाणे सॉफ्टवेअरने पुसले. २०२३च्या एप्रिलमध्ये अडोबीने लाइटरूम या फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये एआयवर चालणारं डीनॉइज आणलं. ते रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलवर काम करतं आणि डी७०००च्या फाइलींवरही करतं. माझ्या लॅपटॉपला एका फोटोला इतका वेळ लागतो की तेवढ्यात भाजी चिरून होते. पण नाटकाचे निवडक वीस-पंचवीस फोटोच द्यायचे असतात. रात्री लावून झोपायचं.

रंगांची तक्रार मात्र कॅमेऱ्यावर ढकलण्यात अर्थ नाही. निळ्या किंवा लाल एलईडीच्या झोतात चेहरा सपाट होतो, नाक-डोळे त्या रंगात विरघळतात. एकच रंग ठासून भरल्यावर कुठलाही सेन्सर तसंच करणार. अशा प्रसंगात उजेड मुद्दाम कमी धरायचा, आणि प्रकाशयोजना करणाऱ्या दादाशी आधी दोन शब्द बोलून ठेवायचे. कुठला प्रसंग पूर्ण निळा आहे हे तो आनंदाने सांगतो. त्याला एरवी कुणी विचारत नाही.

इतकं सगळं झाल्यावर एकच गोष्ट उरली, आणि ती फोटोत दिसतच नाही. आवाज.

डीएसएलआरमध्ये लेन्समागे आरसा असतो. बटण दाबलं की तो वर उडतो, शटर उघडतं, मिटतं, आरसा खाली आपटतो. खटॅक. लग्नात, मिरवणुकीत, क्रिकेटच्या मैदानावर हा आवाज कुणाच्या खिजगणतीत नसतो. सुदर्शनमध्ये तो शेवटच्या रांगेपर्यंत जातो. डी७०००च्या डायलवर 'क्यू' असा एक मोड आहे. त्यात बटण दाबून धरलं की आरसा वरच थांबतो आणि बोट सोडल्यावर खाली येतो. म्हणजे खटॅकचे दोन तुकडे होतात. मी 'खट' एका वाक्यावर वाजवायची आणि बोट तसंच धरून ठेवायची. पुढचं वाक्य सुरू झालं, कुणी हसलं, खुर्ची सरकली, की सोडायची. कॅमेऱ्याभोवती शाल गुंडाळायची ती वेगळी. शेजारी बसलेल्यांना वाटायचं की या बाईंना थंडी वाजतेय.

एवढं करूनही काही जागा अशा होत्या जिथे बोट लावायचंच नाही. दिग्दर्शक आधीच सांगायचा, "ताई, तो पत्र वाचतो ना, त्यानंतरच्या पॉजला नको हं." तो सांगायचा ते बरोबरच होतं. तिकीट काढून आलेल्या माणसाने तो पॉज ऐकायला पैसे दिलेले असतात. आता रंगीत तालमीत काढा की, असं कुणी म्हणेल. काढते. पण तालमीत तो पॉज तसा पडत नाही. समोर भरलेलं थिएटर असल्याशिवाय नट तिथपर्यंत पोचत नाही.

एकदा जुने फोल्डर चाळताना हे फार ठळक दिसलं. भांडणं आहेत, गाणी आहेत, हशाच्या जागा आहेत, ओरडणारी तोंडं तर ढिगाने. ज्या गप्प प्रसंगांसाठी ती नाटकं लोकांच्या लक्षात आहेत तेच तेवढे त्यात नाहीत. माझ्या फोटोंवरून पुण्याचं प्रायोगिक नाटक म्हणजे नुसता आरडाओरडा, असाच कुणाचाही समज होईल. नवऱ्याच्या प्रश्नाला त्या दिवशी उत्तर मिळालं.

उत्तर मिळाल्यावर निवड सोपी झाली, कारण अर्धा बाजार आपोआप गळाला. सेकंडहँड डी७५० मला फार खुणावत होता. २०१४चा फुल फ्रेम, माझ्या दोन्ही एफ १.८ लेन्स जशाच्या तशा चालल्या असत्या, बटणंही ओळखीची. पण आरसा तिथेही आहे. पैसे देऊन पुन्हा खटॅकच घ्यायचा. तसंही डीएसएलआरचा रस्ता आता पुढे जात नाही. निकॉनने २०१८मध्ये मिररलेसची, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांची झेड मालिका काढली, त्याच वर्षी कॅननने आर मालिका काढली. निकॉनचे डी७८० आणि डी६ हे २०२०चे. त्यानंतर त्यांचा नवा डीएसएलआर आलेला नाही. जुन्या लेन्स पुढची अनेक वर्षं सुखाने चालतील, त्यामुळे घाबरून पळण्याचं कारण नाही. पण आज पैसे घालायचे तर मिररलेसमध्येच.

घेण्याआधी निकॉनची झेड ६ टू ही बॉडी भाड्याने आणली. हे प्रत्येकाने करावं. पुण्या-मुंबईत कॅमेरे दिवसावर भाड्याने मिळतात, आणि यूट्यूबवरच्या चाळीस मिनिटांपेक्षा आपल्या नाटकाची एक रंगीत तालीम जास्त शिकवते. मी सायलेंट मोड लावला, शाल घडी करून ठेवली आणि पहिल्याच अंकात फोटोंवर आडवे पट्टे आले. सतरंजीसारखे.

कारण असं. सायलेंटमध्ये यांत्रिक पडदा हलत नाही, सेन्सर स्वतःच ओळीओळीने वाचला जातो आणि त्याला वेळ लागतो. एलईडी मंद करायचा म्हणजे बऱ्याचदा तो डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने चालू-बंद केला जातो. त्यामुळे काही ओळी उजेडात वाचल्या जातात, काही अंधारात. जुन्या हॅलोजनचा फिलामेंट असा चटकन विझत नाही, म्हणून हॅलोजनवर चालणाऱ्या प्रसंगात पट्टे दिसले नाहीत. महागड्या बॉडींमध्ये सेन्सर झपाट्याने वाचला जातो, त्यांत हा त्रास कमी होतो. झेड ६ थ्री तशी आहे, पण तिची किंमत पाहून मी टॅब बंद केला. माझा तोडगा साधा: एलईडीच्या प्रसंगात यांत्रिक शटर आणि वेग १/१००च्या आसपास. आरसा नसल्यामुळे तेव्हाही फक्त बारीकसा 'टक' होतो. हॅलोजनचा गप्प प्रसंग आला की पूर्ण सायलेंट. कुठला दिवा कुठे आहे हे दादाला विचारायचं, ते तर आधीपासूनच चालू होतं.

भाड्याच्या दिवसाने न मागितलेल्या दोन गोष्टी दिल्या. एक, फोटो डोळ्याला लावलेल्या खिडकीतच बघता येतो. डी७०००वर फोटो तपासायचा तर मागची स्क्रीन पेटायची आणि काळोखात माझा चेहरा उजळायचा. दुसरी, फोकस. डी७०००चा फोकस उणे १ ईव्हीपर्यंतच्या अंधारात चालतो, झेड ६ टूचा उणे ४.५पर्यंत (ईव्ही हे उजेडाचं माप, जितकं उणे तितका अंधार जास्त). कंदिलाच्या उजेडातल्या प्रसंगात हा फरक लगेच जाणवला. तिथे माझी जुनी लेन्स पुढेमागे घुटमळत बसायची.

आता फसगतीची जागा, आणि निकॉनवाल्यांनी ही नीट वाचावी. जुन्या लेन्स झेड बॉडीवर लावायला एफटीझेड अडॅप्टर लागतो. त्याच्यात मोटर नाही. ज्या लेन्समध्ये स्वतःची मोटर आहे, म्हणजे एएफ-एस, त्या मस्त चालतात. माझी ८५ तशी आहे. पण ५० मिलिमीटरची जुनी 'डी' लेन्स बॉडीतल्या स्क्रूने फोकस करायची. ती अडॅप्टरवर लागते, फोटो काढते, फोकस मात्र हाताने. माझ्यासारख्या चाळिशीचा चष्मा लागलेल्या बाईने अंधारात हाताने फोकस करणं हा विनोद आहे. म्हणजे हिशेबात आणखी एक लेन्स आली. पुढे कार्ड. झेड ६ टूमध्ये एक खाच एसडीची आणि दुसरी एक्सक्यूडी किंवा सीएफएक्स्प्रेसची आहे. ते दुसरं कार्ड महाग, मी फक्त एसडीवर भागवते. फाइली सोळाच्या जागी चोवीस मेगापिक्सेलच्या, म्हणून हार्ड डिस्क. ज्यांच्याकडे एकदाच विकत घेतलेलं जुनं लाइटरूम ६ आहे त्यांना नव्या बॉडीच्या रॉ फाइली उघडणार नाहीत. अडोबीचा फुकट डीएनजी कन्व्हर्टर मध्ये घालावा लागेल.

नवी घ्यायची की वापरलेली, यावर घरात दोन रात्री गेल्या. नव्यावर १८ टक्के जीएसटी आणि वॉरंटी. मुंबईत बोरा बाजारात चक्कर मारली तर वापरलेलं आणि बिनबिलाचं दोन्ही दिसतं. बिनबिलाचं नको, एवढं माझ्यातल्या बँकवालीने ठरवलं. शेवटी पुण्यातल्याच एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून झेड ६ टू घेतली, मूळ बिलासकट. लग्नवाल्यांचे कॅमेरे घासलेले असतात, पण ते सांभाळतातही. बिलावरचा सीरियल नंबर बॉडीशी ताडला. एफ १६वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग पाहिले. दोन्ही खाचांत कार्ड घालून पाहिलं. शटरचा आकडाही पाहिला, पण मिररलेसमध्ये सायलेंटचे फोटो वेगळे मोजावे लागतात आणि व्हिडिओचे तास तर त्यात येतच नाहीत. म्हणून सरळ विचारलं, "भाऊ, व्हिडिओ किती केलाय?" त्याने दुसरी बॉडी दाखवली, व्हिडिओ त्याच्यावर करतो म्हणाला. विश्वास ठेवला.

वेळ मुद्दाम उन्हाळ्याची निवडली. एक तर नवं मॉडेल येऊन गेलं की आधीच्याचे सेकंडहँड भाव उतरतात. दुसरं म्हणजे एकांकिका स्पर्धांच्या तोंडावर नवी बॉडी घेणं हा वेडेपणा. अंधारात बटणं बोटांनी शोधायची असतात आणि बोटांना इतक्या वर्षांची डी७०००ची सवय. मे महिनाभर दिवे घालवून घरातल्या घरात मुलीचे फोटो काढले. ती वैतागली.

डी७०००ला दुकानदाराने जो भाव सांगितला त्यात एक बरी बॅग आली नसती, म्हणून तो विकला नाही. रंगीत तालमीला तोच असतो, जुन्या ५०सकट, आणि सध्या बऱ्याचदा मुलीच्या हातात. परवा एका नटाने तक्रार केली. म्हणाला, "ताई, पूर्वी खटॅक वाजलं की कळायचं, जागा बरोबर पकडली. आता काहीच कळत नाही." त्याला म्हटलं, फोटो पाठवीन तेव्हा बघ.