तुम्ही विचारलंत म्हणून: बडोद्यात चांगलं इटालियन कुठे खायचं?

"लेक-जावई येतायत, त्या चेनवाल्या पिझ्झ्याचा कंटाळा आलाय, एखादं चांगलं इटालियन सांगा ना" असं मला वरचेवर कुणी ना कुणी विचारतं. मी नाव सांगत नाही आणि लोकांना त्याचा थोडा राग येतो, पण छोट्या हॉटेलात सगळा भरवसा आत उभ्या असलेल्या माणसावर असतो, तो सोडून गेला की बोर्ड तोच, मेन्यू तोच आणि चव मात्र गेलेली. म्हणून कसं ओळखायचं तेच सांगते, मग अलकापुरी असो, फतेगंज असो की पार वासणा-भायलीकडचं नवीन काही, तुमचं तुम्हाला कळेल.

मी सगळ्यात आधी मेन्यूत 'जैन मार्गरिटा' वेगळी लिहिलीये का ते बघते. बडोद्यात जैन ऑप्शन हवाच, त्याबद्दल प्रश्नच नाही, पण मार्गरिटा पिझ्झात मुळात असतं काय? टोमॅटो, मोझरेला, बेझिल, ऑलिव्ह ऑइल, मीठ. कांदा नाही, लसूण नाही. इटलीत, पिझ्झ्याच्या माहेरी नेपल्सला, लसूण पडतो तो मरिनारा पिझ्झात. मग जैन मार्गरिटा वेगळी करायची वेळ का येते, तर बहुतेक ठिकाणी कांदा-लसणाची एकच लाल ग्रेव्ही सकाळी करून ठेवलेली असते आणि दिवसभर तीच पिझ्झ्यावर, तीच पास्त्यात, क्रीम घातलं की तीच पिंक सॉस. मी सरळ विचारते, "भाई, मार्गरिटाना सॉसमां लसण छे?" "हा बेन, पण जैनमां बनावी आपीशुं" असं उत्तर आलं की मी कॉफी पिऊन उठते. "ना बेन, एमां तो खाली टामेटां ज छे", म्हणजे त्यात नुसते टोमॅटोच आहेत, असं म्हणाला की निवांत बसते. नेपल्सच्या पद्धतीत टोमॅटो आधी शिजवतसुद्धा नाहीत, नुसते कुस्करून मीठ घालून पसरतात, पुढचं काम लाकडाच्या भट्टीचं, 400 अंश सेल्सिअसच्या वर आणि 60 ते 90 सेकंदांत पिझ्झा बाहेर. त्यामुळे काठावर काळे ठिपके दिसले तर जळला म्हणून परत पाठवू नका प्लीज.

मोझरेलाचं तर आपल्याला विशेष वाटायला हवं. इटलीत कंपानिया भागात ती म्हशीच्या दुधाची करतात, आणि आपला मही ते साबरमती या नद्यांमधला पट्टा म्हणजे सुरती म्हशीचा मूळ मुलूख. एखादा मालक पाण्यात ठेवलेली ताजी मोझरेला वापरतो असं कळलं तर तिथे मी घरच्या सगळ्यांना घेऊन जाते.

पास्त्यासाठी साधं आल्यिओ ओल्यो मागवा, म्हणजे फक्त लसूण आणि तेल. त्यात लपायला जागाच नाही. लसूण सोनेरी हवा, तपकिरी झाला की कडू लागतो. किचन दिसत असेल तर बघा, आचारी पास्ता उकळलेलं पाणी पळीभर पॅनमध्ये घालून पास्ता वर उडवतो का, कारण त्या पाण्यातला स्टार्च आणि तेल एकजीव होऊन सॉस पास्त्याला धरतो. ते केलं नसेल तर चार घास खाल्ल्यावर ताटलीच्या तळाशी नुसतं तेल उरतं. आणि कुणी हाताने पास्ता करत असेल तर पीठ कुठलं ते विचारा, पास्त्याला लागतो तो ड्युरम नावाचा कडक गहू आणि आपल्या गुजरातचा भालिया गहू ड्युरमच आहे, 2011 साली त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, मग रवा लांबून आणायची गरज काय?

रिझोतो, म्हणजे हळूहळू ढवळत शिजवायचा इटालियन भात, पाच मिनिटांत टेबलावर आला तर तो आधीच शिजवून ठेवलेला होता, एवढंच.

चीजचं मात्र शाकाहारी लोकांनी नक्की विचारावं. खऱ्या पार्मिजानो रेज्जानोत, म्हणजे अस्सल पार्मेजान चीजमध्ये, दूध घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट असतं, तो त्या चीजचा नियमच आहे, म्हणजे शुद्ध शाकाहारी बोर्डाखाली ते बसतच नाही. मायक्रोबियल, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं, हिरव्या ठिपक्याचं हार्ड चीज मिळतं आणि ते चांगलं असतं, तेव्हा मेन्यूत पार्मेजान दिसलं की पाकीट बघायला मागा. मन लावून हॉटेल चालवणारा मालक स्वतः उठून फ्रिजमधून काढून आणतो, आणि मग पुढची दहा मिनिटं तुमच्याशी चीजबद्दल बोलत उभा राहतो.