माकडांसाठी

मंगळवार, रात्री

सुपारी न्यायला आला होता तो पडवीत बसला. पाणी प्यायला, दोन सुपाऱ्या फोडून बघितल्या, दरावरून नेहमीची घासाघीस झाली. उठता उठता त्याची नजर टेबलावर गेली. पाऊस सरला म्हणून मी आज बंदूक, छऱ्याची एअरगन, पुसायला काढली होती. खाली जुना पेपर, बाजूला मशीनच्या तेलाची बाटली आणि मऊ धोतराचं फडकं.

"काय काकू, माकडांसाठी का?"

मी म्हटलं, "हो."

"बरोबर आहे. यंदा शहाळीसुद्धा ठेवली नाहीत मेल्यांनी," असं म्हणून तो गेला. पोती टेम्पोत चढली, पैसे मोजून झाले. मी मात्र सकाळपासून त्या एका 'हो'पाशी अडकून बसले आहे.

मी आजवर एकाही माकडावर छर्रा झाडलेला नाही. असल्या छऱ्याने माकड मरत नाही. छर्रा आत रुतून बसतो, जखम चिघळते आणि ते जनावर कुठल्यातरी फणसावर कुढत राहतं. माकडं आली की मी पत्र्याचा डबा बडवते, चार पोफळी हलतात, जातात ती शेजारच्या वाडीत. बंदुकीला मी त्यासाठी हात लावत नाही. मग 'हो' का म्हटलं?

त्याला समजावायला वेळ नव्हता, असं दुपारी स्वतःला सांगून बघितलं. खोटं आहे ते. दरासाठी अर्धा तास बोलले मी त्याच्याशी.

खरं असं आहे की आमच्याकडे घरात दिसणारी प्रत्येक वस्तू कामाची लागते. कोयता, आकडी, पंप, अगदी पेटीसुद्धा, कारण भजनाला लागते. कामाची म्हटली की पुढे कोणी विचारत नाही. अठ्ठावन्न वर्षांची बाई रोज संध्याकाळी पडवीच्या पायरीवर उभी राहून कागदावरच्या ठिपक्यावर नेम धरते, एवढ्याचसाठी घरात बंदूक आहे, हे मला कोणापुढे म्हणता येत नाही. भाऊपुढे आलं नाही. मंडळातल्या बायकांपुढे तर नाहीच.

सन २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकला नेमबाज अंजली भागवत अंतिम फेरीत गेली (तेव्हा ती वेदपाठक होती), तेव्हा पेपरातला तिचा फोटो मी कापून डाळीच्या डब्यात ठेवला होता. बंदूक तेव्हाही माळ्यावर होती. काढली नाही. आप्पांनी ती भाऊच्या हातात दिली होती, माझ्या नाही. आणि भाऊने त्या कवड्याचं जे केलं, ते आज नको लिहायला.

काढली ती ११ ऑगस्ट २००८ ला. बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्ण घेतलं आणि बातम्यांत सांगत होते, १० मीटर अंतर, ४.५ मिलिमीटरचा छर्रा. माझ्या डोक्यात एकदम आलं की आपल्या माळ्यावर आहे तिच्यात जातो तो ह्याच मापाचा. त्याच दिवशी शिडी लावली. नळीवर तांबेरा, दस्त्याला वाळवी लागता लागता राहिलेली, आतला चामड्याचा वायसर सुकून कडकडीत झालेला. चपला शिवून देणाऱ्याकडून नवा कापून घेतला, रात्रभर तेलात मुरवला. पायरीपासून विहिरीकडच्या डोणीपर्यंत टेप लावला, १० मीटर भरले तिथे चिरा पुरला. त्यावर चिंध्यांनी ठासलेली लाकडी पेटी आणि पेटीवर कार्ड. कार्डावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पायरीवरून तो दिसतच नाही. दिसतं ते फक्त काळं वर्तुळ, त्याचा मध्य आपण मनाने धरायचा.

इतकी वर्षं झाली आणि तरी 'हो'.

आज रडूच आलं थोडं. वाटलं, आपल्यामागे ही कोणाला कळणार आहे? भाऊचा मनू नेमबाजीच्या रेंजवर जातो. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ ला कैरोत जगज्जेता झाला तेव्हापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही नाही. पण त्याची बंदूक वेगळी. तिच्या सिलिंडरमध्ये २०० बार एवढ्या दाबाने हवा भरलेली असते, चाप ओढला तरी खांद्याला काही जाणवत नाही. कागदाचं कार्डही नाही, पडद्यावर १०.३, १०.६ असे दशांश उमटतात, सगळ्यात वर १०.९. माझी बघून म्हणाला होता, "आत्या, ही तर म्युझियममध्ये शोभेल."

आणि एअरगन म्हणजे पाखरं मारायची बंदूक, असं लोक म्हणतात ते अगदीच चूक नाही. ह्या बंदुकांनी पाखरं फार मारली गेली. २०२१ साली अरुणाचल प्रदेशात सरकारने मोहीमच काढली, एअरगन आपणहून जमा करा, पाखरं वाचू द्या म्हणून, आणि लोकांनी केल्या जमा. वाचलं तेव्हा बरं वाटलं होतं मला. आज वाटतंय, त्या एका 'हो'ने मी आपली बंदूक स्वतः नेऊन त्या ढिगात टाकली.

चार वाजता हे सगळं डोक्यात घेऊनच पायरीवर उभी राहिले.

पहिल्याच बाराला नळीतून धूर. तेल जास्त झालं होतं. आतला स्प्रिंगचा दट्ट्या पुढे आला की दाबलेली हवा इतकी तापते की तेलाचा थेंब आत पेटतो, डिझेल इंजिनात पेटतो तसा. आवाजही मोठा झाला, विहिरीवरचा खंड्या उडाला. सात-आठ बार असेच गेले, जळक्या तेलाचा वास पडवीभर. मग नळी साफ झाली आणि तिचा नेहमीचा 'ठक्' असा कोरडा आवाज आला.

मनूला मे महिन्यात हीच बंदूक दिली होती. रेंजवर दहाखाली न येणारा मुलगा, इथे कार्डाबाहेर गेला. लालेलाल झाला होता. घट्ट धरत होता ना. स्प्रिंगच्या बंदुकीत चाप सुटल्यावर आधी दट्ट्या धावतो, मग छर्रा हलतो. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत बंदूक मागे आणि पुढे असा दुहेरी झटका देऊन मोकळी होते. आवळून धरली की तो झटका दर वेळी वेगळीकडे वळतो. डावा तळवा नुसता खाली ठेवायचा, भरलेल्या वाटीखाली ठेवतो तसा, आणि तिला हवं तसं हलू द्यायचं. त्याला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आत पायरीवर उभा होता, चहासुद्धा न घेता. म्युझियमचं पुन्हा बोलला नाही.

हे मी दुपारी कसं विसरले होते?

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीला किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ताकदीला परवाना लागतो. माझी दोन्हीच्या आतली. म्हणजे सरकारनेसुद्धा मला कधी विचारलं नाही की कशासाठी. विचारलं ते सुपारीवाल्याने, आणि त्यानेही सहज विचारलं. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच विचारलं असतं. माणूस वाईट नाही, पैसे रोख देतो.

शेवटचे पाच बार फार चांगले गेले. उजेड उतरत होता, समुद्राचा वारा पडला होता. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, आणि चाप कधी सुटला हे आपल्यालाच कळू नये. त्या थांबण्यात डोक्यात सुपारी नव्हती, भाऊ नव्हता, 'हो'सुद्धा नव्हता. कार्ड काढून आणलं. पाचही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली, तीन तर एकमेकांत मिसळलेली. फाटलेल्या कडेला शिशाची करडी रेघ. बोटाला लागते ती, हात धुवावे लागतात जेवायच्या आधी.

शुक्रवारी उरलेली चार पोती न्यायला तो येणार आहे. कार्ड पडवीत त्याच्या नेहमीच्या खुर्चीसमोरच्या खिळ्याला अडकवलंय. विचारलं तर सांगेन.

मनूला फोन करून छऱ्यांचे दोन डबे आणायला सांगायचेत, चपट्या तोंडाचेच. गोल तोंडाचे नकोत, त्यांनी कार्ड फाटतं. वायसर मेपर्यंत टिकेल असं वाटतं.