एसावाचं वरण

बायबलमधल्या एसावाबद्दल मला हळहळ वाटते ती एकाच गोष्टीची. थोरलेपणाचा हक्क विकायचाच होता, तर तो धाकट्या भावाला, याकोबाला, मसुरीच्या वरणावर विकावा? सोबत भाकरी होती असं बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या 25 व्या अध्यायात आहे, पण शेंगाचटणीचा उल्लेख नाही. सोलापूरकराला हा सौदा आणखीच घाट्याचा वाटणार.

गडी रानातून दमून आला होता, भूक खरीच होती. पण मी आता मरायला टेकलोय, मला तो हक्क काय करायचा, हे बोलणं अंमळ जास्तच. अब्राहामाची सगळी इस्टेट मिळालेल्या इसहाकाचं, त्याच्या बापाचं, घर ते. थोडा दम धरला असता तर कुणी ना कुणी पान वाढलंच असतं. पुढं तर फक्त क्रियापदं आहेत: खाल्लं, प्याला, उठला, चालू लागला. वरण कसं झालं होतं, याबद्दल अवाक्षर नाही. दहा मिनिटांत दारात आलेलं पार्सल आपण मोबाईलवर बोट फिरवत संपवतो, त्याचीही चव कुणाला सांगता येते?

थांबणं सोलापूरकराला नवं नाही. नळाला रोज पाणी येत नाही. उजनी धरण भरलेलं असो की नसो, पिंपं भरून ठेवायची आणि वाट बघायची. पण ते नाइलाजाचं थांबणं. लेंतकाळातलं, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासातलं, थांबणं वेगळं, ते आपणहून अंगावर घेतलेलं. 2026 मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे या उपवासाचा पहिला दिवस, 18 फेब्रुवारीला आणि ईस्टर 5 एप्रिलला. मोजले तर दिवस चाळीसपेक्षा जास्त भरतात, कारण मधले रविवार उपवासात धरत नाहीत. (ही सवलत घरातल्या सर्वांत लहान मेंबरला सर्वांत आधी पाठ होते.) त्यात सोलापूरचं ऊन चढायला लागलेलं. कुणी मटण सोडतं, कुणी चहा, हल्ली कुणी रील्स. चहावाल्यांची चिडचिड पाहिली की वाटतं, यांनी मटणच सोडलं असतं तर घरच्यांचा उपवास तरी टळला असता.

पण ख्रिस्ती संयम म्हणजे पोटाला शिक्षा, असं मला वाटत नाही. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' या प्रार्थनेत 'आज' आहेच की! देवाकडं आजची भाकर मागायला बंदी नाही. फक्त ती 'आमची' आहे, एकट्याची नाही. रानात चाळीस दिवस उपाशी राहिलेल्या येशूनं स्वतःसाठी धोंड्यांच्या भाकरी करायला नकार दिला. लोकांना घरी पाठवून द्या असं शिष्य म्हणाले, तेव्हा मात्र त्यानं पाच भाकरींत पाच हजारांची पंगत उठवली. स्वतःच्या भुकेला थांब म्हणणारा माणूस दुसऱ्याच्या भुकेला उद्या ये म्हणाला नाही. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात तर रोकडा नियमच आहे: मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नये.

आपलं नेमकं उलटं चालतं. स्वतःला हवं ते आत्ताच्या आत्ता, दुसऱ्याचं देणं मात्र सवडीनं.

आता कडक भाकरीचंच बघा. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळून पातळ थापायचं, भाजून पार कुरकुरीत होईस्तोवर वाळवायचं. घाई केली की मधे ओल राहते आणि भाकरी वातड होते. नीट वाळलेली मात्र दिवसचे दिवस टिकते. आमटीत कुस्करली की पुन्हा मऊ. शेंगाचटणीही तशीच. उखळात कुटत राहिलं तरच शेंगदाण्याला तेल सुटतं. हे सगळं करणाऱ्या बाईच्या मनगटाला विचारावं.

परवा बाजारात अशाच एका मावशींपुढं एक गृहस्थ उभे होते. पाठीवर बॅग, गाडी चालूच. चवड घेऊन डिकीत टाकली, पाकीट चाचपलं आणि म्हणाले, "मावशी, मोबाईलची बॅटरी गेलीय आणि सुट्टे बी नाहीत. पैसे उद्या देतो, चालंल का?"

मावशींनी डिकीकडं बोट दाखवलं. "चालंल की. मग भाकऱ्या बी उद्याच न्या."